इंडिकेटर : भात

ऑगस्टमध्ये हायपो थकतं.
बारा टक्के म्हणून टँकरमधून उतरतं
आणि दहा-बारा दिवसांत, कुणाला न सांगता,
दहावर येतं, नवावर येतं,
उंदरानं पोतं कुरतडावं तसं.

म्हणून रात्री अडीचला मी
हिद्दच्या प्रयोगशाळेत
काचेच्या नळीला डोळा लावून बसते.
खिडकीबाहेर समुद्र, पार कडू लागावा इतका खारा.
आतले पंप रात्रभर त्याची समजूत घालतात.

हे घराणं मला शाळेपासून ठाऊक आहे.
सतरावा रकाना. घरात सगळ्यांनाच
एक इलेक्ट्रॉन कमी.
फ्लोरीन हाताला लागेल ते ओढून घेतो,
घेतलेलं परत देत नाही.
आमच्या नळांच्या आट्यांवर, पांढऱ्या टेपमध्ये
गुमान गुंडाळलेला असतो तो,
पोट भरलेल्या माणसासारखा.
क्लोरीनची हजेरी रजिस्टरात रोजची.
ब्रोमीन समुद्रातून चोरपावलांनी येतं,
ओझोन दिला की ब्रोमेट होऊन बसतं.
अब्जात दहा भाग चालतात,
अकराव्याला वरून फोन.

आणि आयोडीन.
परतूरच्या शाळेत भालेराव बाईंनी
परीक्षानळीत दोन खडे तापवले.
ते धड वितळलेही नाहीत, जांभळे होऊन वर निघाले.
मागच्या बाकावरची विमल म्हणाली,
"बाई, परत आणा ना."
बाईंनी नळीला ओला बोळा लावला.
काचेला आतून काळी चमक धरली.
विमलनं टाळ्या वाजवल्या, आणि छडीही खाल्ली.

आज स्टार्चच्या बाटलीत बुरशी.
स्टोअरची किल्ली बिजुमोनकडे,
बिजुमोन कोट्टायमला, भावाच्या लग्नात.
मी डबा उघडला.
चार चमचे भात बीकरमध्ये उकळला, गाळला.
दारातून अब्दुलनबी बघत होता.
"जेवण की काम?"
"दोन्ही," म्हटलं.

हायपोचे थेंब, ॲसिटिक आम्ल,
पोटॅशियम आयोडाइडची चिमूट.
इथे भांडण होत नाही, फक्त हुद्दा चालतो.
क्लोरीन येतो, आयोडीन उठतं,
खुर्ची तीच,
पोटॅशियम मान वर करून बघतसुद्धा नाही.
कंपनीत हे मी तीनदा पाहिलंय,
एकदा उठणारी मीच होते.
पाणी काव्यासारखं लाल-पिवळं.
थायोसल्फेट सोडत सोडत
वाळल्या गवताच्या रंगापर्यंत उतरायचं,
मग पेज.

निळं.
इतकं निळं, की अब्दुलनबी आत आला.

त्याचा आजा मोत्यांच्या होडीवर पाणबुड्या होता.
तळाशी गोडे झरे असत, म्हणाला,
खाऱ्या समुद्राच्या पार खाली.
कातडी पखाल घेऊन उडी मारायची,
झऱ्याच्या तोंडाशी धरायची,
भरली की गळा आवळून वर.
"क्लोरीन नव्हता त्यात," मी म्हटलं.
"चव होती," तो म्हणाला.
आणि आता?
"झरे आटले."
मग पंपांच्या आवाजाकडे आणि माझ्याकडे
एकच हात फिरवला, "आता हे."

मी ब्युरेटची चावी जराशी सैल केली.
निळं जातं ते एकाच थेंबानं,
त्याच्या आधीच्या थेंबाला पत्ताही नसतो.
चंचुपात्र हलवलं, पांढऱ्या कागदावर धरलं.
उरलं नव्हतं काही.

रजिस्टरात लिहिलं : नऊ पूर्णांक एक.
डोस वाढवावा.
शेऱ्याच्या रकान्यात, इंडिकेटर : भात.
सकाळी साहेब विचारतील, तेव्हा बघू.

उरलेला भात आम्ही बाहेर कट्ट्यावर बसून खाल्ला.
चार वाजताही वारा गरम, हाताला ब्लीचचा वास.
भाताला मीठ कमी होतं.
अब्दुलनबी घास थांबवून
समुद्राकडे बघत राहिला,
मग हसायलाच लागला.